आंधी येण्याआधीची वीस मिनिटं: कॉलनीची तयारी कशी करायची? (इंदूर)

मोगरा_इंदूर | १८ एप्रिल, रात्री ९.४०

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पावणेसहाच्या सुमारास मी गच्चीवर कुरडया उचलायला गेले. धार रोडच्या अंगाला आभाळ आधी पिवळं पडलं होतं, मग मातकट झालं, आणि एकाएकी वारा पडला. झाडाचं पान हलेना. मोबाइलवर हवामान खात्याचा निरोप साडेपाचलाच येऊन पडला होता: पुढच्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि जोराचं वारं. मी तो वाचला, म्हटलं चला, जरा गारवा होईल, आणि फोन बाजूला ठेवला.

आमच्या कोपऱ्यावर एक गुलमोहर आहे. त्याच्या सावलीत चार बांबू आणि पत्र्याच्या दोन चद्दरी उभारून प्रेसवाले काका-काकू वीस वर्षं इस्त्री करतात. पाच पन्नासला वारा सुटला आणि गुलमोहराची मोठी फांदी त्या चद्दरींवर कोसळली. काकांचा खांदा निखळला. इस्त्रीतले निखारे उडाले आणि काकूंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. रात्री त्यांना बघायला गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "दीदी, आप लोगों को पहले से मालूम था क्या?"

होतं. कॉलनीत चौऱ्याहत्तर घरं आहेत आणि बहुतेक घरांत तो निरोप आला होता. वीस मिनिटं हातात होती. कोपऱ्यापर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतात. ते कुणाचंच काम नव्हतं म्हणून कुणी गेलं नाही. त्या कुणीमध्ये मी आहे, आणि हे वर्षभर मनातून गेलेलं नाही.

यंदा रहवासी संघाच्या बैठकीत मी विषय मांडला. इशारा आला की शिट्टी वाजवून बाहेरच्यांना सावध करायचं, असा विचार आहे. दहा-बारा जण तयार झाले आहेत. सध्या आम्ही एक यादी करतो आहोत: आंधीच्या वेळी उघड्यावर किंवा कच्च्या आडोशाला कोण कोण असतं? प्रेसवाले काका-काकू, गेटवरच्या टिनाच्या खोक्यात बसणारा चौकीदार, भाजीचा ठेला, मागच्या प्लॉटवर मल्टीचं, म्हणजे बहुमजली इमारतीचं, बांधकाम चालू आहे तिथले मजूर आणि त्यांची लेकरं, बगीच्यात खेळणारी आपली मुलं. शिवाय चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा. ते ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत आणि लाइट गेली की लिफ्टही बंद.

तुमच्या भागात असं काही केलं आहे का? काय चाललं, काय फसलं? वीज, झाडं, पतरे, मांडव, कशातलंही ज्याला कळतं त्याने लिहा. आणि हो, टोर्नाडो आपल्याकडे येऊ शकतो का? बैठकीत एका मुलाने विचारलं आणि कुणालाच उत्तर देता आलं नाही.


गच्चीवरून | १८ एप्रिल, रात्री १०.२५

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी हौशी हवामानवाला आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

भारतात टोर्नाडो होतात, पण क्वचित, आणि मुख्यतः पूर्वेला. बंगाल, ओडिशा आणि शेजारचा बांगलादेश हा त्यांचा पट्टा. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-सटुरिया भागात जो झाला त्यात सुमारे १,३०० माणसं गेली. जगाच्या नोंदीतला तो सर्वांत घातक टोर्नाडो मानतात. अलीकडे ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीच्या मैनागुडी भागात झाला. पण उत्तर भारत अगदीच मोकळा नाही. १७ मार्च १९७८ ला थेट दिल्लीत, विद्यापीठाच्या उत्तर परिसरात टोर्नाडो उतरला होता आणि २८ जण दगावले होते. त्यामुळे मुलाला सांगा: माळव्यात शक्यता फार कमी, पण शून्य नाही.

मे महिन्यात मोकळ्या मैदानात जी वावटळ फिरताना दिसते तो टोर्नाडो नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते, डोक्यावर आभाळ निरभ्र असतं. टोर्नाडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो.

आपल्याला खरा धोका आहे तो ढगातून कोसळणाऱ्या वाऱ्याचा. मे महिन्यात माळव्याच्या पठारावर खालची हवा कोरडी आणि तापलेली असते. ढगातून पाऊस पडायला लागतो, त्यातला बराचसा वाटेतच सुकतो. सुकताना तो हवेतली उष्णता ओढून घेतो, हवा गार आणि जड होते आणि ओझं टाकल्यासारखी खाली आदळते. जमिनीवर आपटली की चहूबाजूंना पसरते. वारा पडल्यावर अचानक जो गार झोत येतो तो हाच. कधी ढग सात-आठ किमी लांब असतो, आपल्या डोक्यावर ऊनही असतं, आणि वारा पोचलेला असतो. म्हणून 'पाऊस सुरू झाला की आत जाऊ' हे चालत नाही.

टोर्नाडोच्या तीव्रतेची मोजपट्टी ज्यांच्या नावाने आहे त्या तेत्सुया फुजितांनीच हा कोसळणारा वारा शोधून काढला. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला एक विमान उतरता उतरता पडलं, त्याचा अभ्यास करताना त्यांच्या ते ध्यानात आलं. त्याआधी तरुणपणी त्यांनी १९४५ मध्ये नागासाकीला बॉम्ब जिथे फुटला त्याखालची झाडं कशी पडली होती ते पाहिलं होतं. वाऱ्याने पडलेली झाडं त्यांना विमानातून तशीच चांदणीसारखी, मधून बाहेर, आडवी झालेली दिसली. यंदा आंधीनंतर बगीच्यातली झाडं कुठल्या दिशेला पडली आहेत ते मुलांना बघायला सांगा. एकाच अंगाला किंवा पंख्यासारखी पसरलेली असतील तर सरळ वारा. पिळवटून, एकमेकांवर उलटसुलट पडली असतील तर गोष्ट वेगळी.


राजवाडा | १९ एप्रिल, सकाळी ८.०५

चर्चा चांगली आहे, पण मला एक भीती वाटते. आमच्या रामबागेकडच्या जुन्या घरांत आम्ही साठ वर्षं वळीव बघतोय. दर मे महिन्यात पाच-सहा वेळा असे निरोप येतात, त्यातले निम्मे कोरडेच जातात. प्रत्येक वेळी शिट्ट्या वाजवल्या तर तिसऱ्या वेळी लोक ऐकणं सोडून देतील. 'टोर्नाडो' हा शब्द तर बैठकीत काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हातारी माणसं रात्ररात्र झोपणार नाहीत.


मोगरा_इंदूर | १९ एप्रिल, सकाळी ८.५०

राजवाडा काका, तुमचं म्हणणं पटतं. शिट्टी रोजची झाली तर तिचा उपयोग संपला. म्हणूनच शिट्टी कधी वाजवायची हे आधी ठरवायला हवं. मुलाच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर द्यावं असं मला वाटतं. गच्चीवरून यांनी जसं सांगितलं तसं सांगितलं तर तो घाबरणार नाही.


सई_परदेशी | १९ एप्रिल, सकाळी ९.३०

मी मूळची इंदूरच्या टिळकनगरची, बारा वर्षं ओक्लाहोमा सिटीजवळ राहते. इथे हे सगळं रोजच्या जगण्यात आहे, म्हणून लिहिते.

राजवाडा काकांनी जी भीती मांडली त्यावर इथलं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. 'वॉच' म्हणजे हवा तशी बनली आहे, लक्ष असू द्या. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय, आता उठा. वॉचला कुणी धावपळ करत नाही. गाडी आत घेतात, मोबाइल चार्ज करतात, मुलं कुठे आहेत ते बघतात, बस. आपल्याकडच्या पिवळ्या, नारिंगी, लाल इशाऱ्यांचा अर्थही तसाच आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कामाला लागा.

ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बारा वाजता सायरनची चाचणी होते. माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हापासून तिला तो आवाज माहीत आहे. चाचणीचा दिवस ठरलेला असला की आवाजाची भीती मोडते आणि खरा वाजला की पाय आपोआप हलतात. एक गोष्ट मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती: सायरन घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. घरातल्यांनी फोन आणि रेडिओवर भिस्त ठेवायची. ताई, तुमची शिट्टीसुद्धा बाहेरच्यांसाठीच आहे ना?

शेजारच्या मूर गावात २० मे २०१३ ला टोर्नाडो आला. २४ माणसं गेली, त्यात शाळेतली सात मुलं होती. पुढच्या वर्षी मूरने घरबांधणीचा नियम बदलला. नवीन घर ताशी १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किमी वाऱ्याला टिकलं पाहिजे. त्यासाठी काही फार महागडं करावं लागत नाही. छत आणि भिंत, भिंत आणि पाया एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी बांधायचे, एवढंच मुख्य. घर बहुधा वाऱ्याने ढकललं म्हणून मोडत नाही, आधी छत उचललं जातं आणि मग भिंती बसतात.

वेळ आलीच तर घरात कुठे थांबायचं: सर्वांत खालचा मजला, मधली खोली, खिडकी नसलेली. आपल्या मल्टीत ती जागा म्हणजे जिन्याखालची किंवा आतल्या न्हाणीघराची. पायांत बूट हवेत, नंतर काचांवरून चालावं लागतं. डोक्याला हेल्मेट. इंदुरात प्रत्येक घरात दुचाकी आहे, म्हणजे हेल्मेट आहेच, ते फक्त सापडेल अशा जागी ठेवा. आणि दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडून ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती जुनी चुकीची समजूत आहे. पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा चेपून अधिक जोराने वाहतो आणि उडालेलं सामान तिथेच येऊन आदळतं.


अवंतिका | १९ एप्रिल, दुपारी १२.१५

उज्जैनहून लिहिते. ५ मे २०१६, सिंहस्थ चालू होता. दुपारनंतर वादळी पाऊस आला आणि मेळाक्षेत्रातले मांडव कोसळले. सात माणसं गेली. मी त्या दिवशी मंगलनाथच्या बाजूला सासूबाईंना घेऊन होते. पाऊस सुरू होताच सगळे मोकळ्यातून पळून मांडवात शिरले, आम्हीसुद्धा. कापड फुगून वर जायचं आणि धप्पकन खाली यायचं, तो आवाज अजून कानात आहे. एका स्वयंसेवकाने ओरडून आम्हाला पक्क्या धर्मशाळेत नेलं म्हणून आज लिहिते आहे.

मग २८ मे २०२३ ला महाकाल लोकमधल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती वाऱ्याने पडल्या, ते तर सगळ्यांनी पाहिलं. २०२८ ला पुन्हा सिंहस्थ आहे, तोही उन्हाळ्यातच. मोगराताई, तुम्ही कॉलनीसाठी जे कराल ते कृपा करून नीट लिहून ठेवा. आम्हाला लागणार आहे.


मांडववाला | १९ एप्रिल, दुपारी २.४०

माझं टेंट हाऊस आहे, वडिलांपासूनचं. अवंतिकाताईंनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. पाऊस आला की पाहुणे मांडवात घुसतात, आणि वारा असेल तर मांडवातून बाहेर पडायचं असतं. हे उलटं आहे म्हणूनच आधी सांगावं लागतं.

आमच्या कामातलं सांगतो. वारा छतापेक्षा आधी कनातीला धरतो. बाजूची कापडं म्हणजे जहाजाचं शीड. माझ्या माणसांना सक्त सूचना आहे: आभाळ मातकट झालं की कनाती सोडा, वारा आरपार जाऊ द्या. सजावट खराब झाली तर मी भरून देईन. दुसरं, वर पाणी साचू देऊ नका. आणि जनरेटर बंद करा, लोखंडी खांब आणि ओल्या तारा एकत्र नको.

लग्नघरात माझी एकच विनंती असते. जवळचं पक्कं बांधकाम कुठलं, मांगलिक भवन, शाळा, शेजारचं घर, ते आदल्या दिवशी बघून ठेवा आणि त्याची किल्ली घ्या. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर एका संध्याकाळी आमचे चार-चार मांडव असतात. मी सगळीकडे पोचू शकत नाही.


तारयंत्री | १९ एप्रिल, सायंकाळी ७.१०

वीज खात्यातून निवृत्त अभियंता आहे. मांडववाले दादांच्या शिडाला आकडा देतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीला एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा भार येतो. वेग दुप्पट, ८० किमी झाला की भार चौपट, ३० किलो. आता १० फूट बाय २० फुटांची एक कनात किंवा फ्लेक्स घ्या. ८० किमीच्या झोतात तिच्यावर साडेपाचशे किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो चार सुतळ्या आणि दोन बांबूंवर असतो. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला जे होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून १७ माणसं गेली ते १२० फूट बाय १२० फुटांचं होतं. तुम्हीच हिशेब करा. कॉलनीच्या गेटवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जो फ्लेक्स लागतो तो एप्रिल ते जून लावूच नका.

चद्दरींचं सांगतो. सईने म्हटलं तसं वारा छत वर ओढतो. आपल्याकडे लोक चद्दरीवर दगड आणि विटा ठेवतात. तो दगड साध्या वाऱ्याला पुरतो, आंधीत तोच कुणाच्या तरी डोक्यात बसतो. चद्दर खालच्या लोखंडी पाइपला जे-हुकने आवळलेली हवी, कडेच्या ओळीत हुक दाट हवेत, कारण उचलणं कडेपासून सुरू होतं. हुकला रबरी वायसर असला तर भोक मोठं होत नाही. एका माणसाचं एका सकाळचं काम आहे. प्रेसवाल्यांचं शेड पुन्हा उभारणार असाल तर मी स्वतः येऊन उभा राहतो.

आता तारा. तार तुटून पडली असेल तर लाइट गेलेली दिसत असली तरी ती मेलेली समजू नका. निदान ३० फूट लांब राहा. ओल्या जमिनीत तारेच्या टोकापासून जसजसं दूर जाल तसा विजेचा दाब उतरत जातो. दोन पायांत अंतर पडलं की एका पायाखाली जास्त दाब, दुसऱ्याखाली कमी, आणि वीज शरीरातून वाट काढते. म्हणून तार जवळच पडली तर ढांगा टाकून पळू नका. पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, पावलाला पाऊल घासत सरका. झाडावर वीज पडते तेव्हा खाली उभी असलेली गुरं याच कारणाने मरतात, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं. गाडीवर तार पडली तर गाडीतच बसून राहा आणि वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर फोन करा.

आणखी एक. शेजारच्या मोबाइल टॉवरमुळे आपलं घर सुरक्षित, हा गैरसमज मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. टॉवरवरचा वीजरोधक टॉवरला वाचवतो. आणि तुमच्या इमारतीवर वीजरोधक असला तरी तो इमारतीला वाचवतो, तुमचा टीव्ही आणि राउटर नाही. ढग दिसू लागले की प्लग काढा. डोक्यावर कडाडायला लागल्यावर प्लगला हात लावू नका.


नाडीपरीक्षा | १९ एप्रिल, रात्री ११.३०

ड्यूटीवरून आत्ता आलो. थोडंच लिहितो, पण हे वाचाच.

२०२२ मध्ये देशभरात वीज पडून २,८८७ माणसं गेली असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. त्यात सर्वांत जास्त आपल्या मध्य प्रदेशातली. आंधीत झाड पडण्याची भीती सगळ्यांना वाटते, विजेची तितकी वाटत नाही.

वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज राहत नाही. त्याला हात लावल्याने काही होत नाही. माणूस निपचित आहे, श्वास नाही, म्हणजे गेला असं धरून चालू नका. विजेने हृदय थांबतं, पण त्याच मिनिटात छातीवर दाब द्यायला लागलो तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, मोठ्या माणसाला पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एकाने दाब द्यायचा, दुसऱ्याने १०८ लावायचा. चार जण पडले असतील आणि त्यातले तीन कण्हत असतील, तर आधी जो कण्हत नाही त्याच्याकडे जा. बाकीचे तीन बहुधा वाचणार आहेत.

आणि माझ्या डोळ्यांसमोर झालेलं सांगतो. खेड्यातून एका सतरा वर्षांच्या मुलीला आणलं होतं. वीज पडल्यावर तिला दोन तास गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवलं होतं, शेण वीज ओढून घेतं या समजुतीने. तिच्या आईने माझा हात धरून विचारलं, "सर, कम रखा क्या हमने?" मी काय उत्तर देणार होतो? तुमच्या बांधकामावरचे मजूर झाबुआ-अलीराजपूरकडचे असतील तर त्यांना हे त्यांच्या भाषेत समजावणारं कुणी शोधा. न हिणवता सांगा. ती माणसं आपल्या लेकराला वाचवायलाच धडपडत असतात.


गच्चीवरून | २० एप्रिल, सकाळी ७.००

डॉक्टरसाहेब, वाचून सुन्न झालो.

विजेचं अंतर मोजायची सोपी रीत सगळ्यांना शिकवू या. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किमीच्या आत आहे, सगळ्यांनी पक्क्या छताखाली जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला की मुलं लगेच गारा वेचायला पळतात, धोका तिथे असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घ्या, आसपास वीज कुठे पडते आहे ते नकाशावर दिसतं.

शिट्टीबद्दल माझी सूचना. पिवळा इशारा: फक्त गटावर निरोप. नारिंगी किंवा लाल: यादीतल्या लोकांना जाऊन सांगायचं. आणि शिट्टी तेव्हाच, जेव्हा तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला किंवा धुळीची भिंत डोळ्यांना दिसली. असं केलं तर मे महिन्यात शिट्टी दोन-तीनदाच वाजेल. राजवाडा काका, एवढं चालेल ना?


राजवाडा | २० एप्रिल, सकाळी ९.२०

चालेल. आणि डॉक्टरांचं वाचल्यावर मी माझा विरोध मागे घेतो. आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीवर पतरे आहेत आणि त्यांवर विटा आहेत, हे मला काल रात्री आठवलं. तारयंत्री साहेब, जे-हुक कुठे मिळतील?


तारयंत्री | २० एप्रिल, सकाळी १०.००

सियागंजात कुठल्याही लोखंडाच्या दुकानात. पाइपची जाडी मोजून न्या.


ग्वाल्हेरकर_लष्कर | २० एप्रिल, दुपारी १.१०

आमच्याकडे वळवापेक्षा धुळीची आंधी जास्त. २ मे २०१८ ला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभरावर माणसं गेली, धौलपूर आणि आग्रा म्हणजे आमचा शेजारच. बरीचशी माणसं रात्री घराच्या भिंती आणि छतं पडून गेली. त्यामुळे निरोप देणाऱ्यांची पाळी फक्त संध्याकाळची ठेवू नका. रात्री फोन सायलेंटवर न ठेवणारे दोन जण नेमा.


हिरवाई | २० एप्रिल, दुपारी ३.३०

मला झाडाची बाजू मांडायची आहे, कारण आता कुणीतरी म्हणणार गुलमोहर तोडा.

गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, हे खरं. पण आपण त्याचं काय केलंय ते बघा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, पाणी मुरायला जागा नाही. नळाच्या आणि केबलच्या चऱ्या खणताना एका बाजूची मुळं कापली. तारांना लागतात म्हणून रस्त्याकडच्या फांद्या छाटल्या, सगळं ओझं दुसऱ्या अंगाला गेलं. ते झाड मग त्याच अंगाला पडतं.

बुंध्याभोवती तीन-चार फूट जमीन मोकळी करा. वाळक्या आणि चिरलेल्या फांद्या माहितगाराकडून, परवानगी घेऊन, मे लागायच्या आत काढा. बुंध्यावर हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा बुडाशी अळंबी दिसली तर मात्र झाड खरंच धोक्याचं आहे. आणि प्रेसवाल्या काकांना सावली लागते, ती झाडाचीच असते. त्यांना फांद्यांच्या घेराबाहेर जागा द्या.


मोगरा_इंदूर | २१ एप्रिल, रात्री १०.१५

सगळं छापून बैठकीत वाचून दाखवलं. डॉक्टरांच्या प्रतिसादानंतर कुणी काही बोललंच नाही.

ठरलं ते असं. गल्लीचे पाच भाग, प्रत्येक भागाला दोन माणसं, एक घरात असणारं आणि एक शेजारचं. एका माणसाच्या वाट्याला चार-पाचच जणांना सांगायचं काम येतं. प्रेसवाले काका-काकू माझ्याकडे. चौकीदाराला गेट सोडून मल्टीच्या जिन्याखाली यायची लेखी परवानगी संघाने दिली. तो आधी का येत नव्हता ते काल कळलं: गेट सोडलं तर पगार कापतील अशी त्याला भीती होती. आजोबांसाठी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर त्यांच्या मुलाने घरी आणून ठेवला आणि तो जोडायला समोरच्या दोघांनी शिकून घेतलं. बांधकामाच्या ठेकेदाराशी बोलणं झालं, मजुरांच्या कुटुंबांनी मांगलिक भवनात यायचं. त्यांच्यातली एक बाई भिली आणि हिंदी दोन्ही बोलते, तिने सगळ्यांना समजावलं. शेणाबद्दलसुद्धा तिनेच सांगितलं.

रविवारी सकाळी सात वाजता शिट्टीची चाचणी, दर पहिल्या रविवारी. सई, हे तुझं.


सई_परदेशी | २२ एप्रिल, सकाळी ६.२०

ताई, आईबाबा अजून टिळकनगरातच आहेत, दोघंच असतात. त्यांच्या गल्लीतही असं सुरू करायचं आहे. तुमच्या यादीचा नमुना पाठवाल का?


मोगरा_इंदूर | १४ मे, रात्री १०.५०

आज पहिल्यांदा खरी वेळ आली, म्हणून लिहिते.

चार चाळीसला नारिंगी इशारा. मी आणि समोरची मुलगी निघालो. कोपऱ्यावर प्रेसवाल्या काकूंनी आम्हाला येताना पाहिलं आणि आम्ही काही बोलायच्या आत निखारे राखेच्या घमेल्यात ओतले. त्यांच्या हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. पाच वाजता शिट्टी झाली आणि पाच वाजून सात मिनिटांनी वारा. गुलमोहराची एक फांदी पुन्हा पडली, पण खाली कुणी नव्हतं.

फसलं ते दोन ठिकाणी. शिट्टी मागच्या बांधकामावर ऐकूच गेली नाही, मिक्सर चालू होता. एक जण धावत गेला म्हणून ते लोक आले, तोवर पाऊस सुरू झाला होता. आता तिथे लोखंडी घंटा टांगतो आहोत, मिक्सरवाल्याच्या हाताशी. दुसरं, मांगलिक भवनाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला देवासला गेलेले. अठरा माणसं आणि सहा लेकरं माझ्या आणि शेजारच्या घराच्या बैठकीत बसली. त्यातलं एक बाळ दीड महिन्याचं.

मांडववाले दादा, किल्लीचं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरी किल्ली आज रात्रीच करून घेतली आणि किराणावाल्याच्या गल्ल्यात ठेवली. तो सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दुकानात असतो आणि दुकानाच्या वरच राहतो.